तलाव, बोडी आणि रिडक्स

या शनिवारचा विषय कोडचा आहे. पण ज्यांचा कोडशी काही संबंध नाही त्यांनी लगेच पळ काढायची गरज नाही, कारण अर्धाअधिक लेख धानाबद्दल आणि तलावांबद्दल आहे. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला माणूस लिहायला बसला की धान येणारच, त्याला इलाज नाही. :)

आधी मत सांगून टाकतो, मग भांडूया. वेब ॲप्लिकेशन लिहिताना स्क्रीनवरचा जो तो तुकडा उठून मधल्या सामायिक स्टोअरला जोडायचा, ही जी सवय आमच्या धंद्यात पडली आहे ती मला पटत नाही. स्टोअर वाईट नाही. रिडक्स तर मुळीच वाईट नाही. त्याच्या नावाने बोटं मोडायची फॅशन येऊन आता बरीच वर्षं झाली, मी त्या गर्दीत नाही. माझं म्हणणं इतकंच की स्टोअरमध्ये काय ठेवायचं आणि तिथून कुणी किती मागायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण दोन्ही न विचारता जोडणी करून मोकळे होतो, आणि मग वर्षभराने 'रिडक्समुळे सगळं स्लो झालं' म्हणून ओरडतो.

तर आधी हे स्टोअर आलं कुठून ते थोडक्यात बघू.

फेसबुकने रिॲक्ट २०१३ च्या मे महिन्यात सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, त्यांनी 'फ्लक्स' नावाची रचना मांडली. ती मांडताना दिलेलं उदाहरण मोठं मजेशीर होतं. चॅटच्या चित्रावर लाल आकडा दिसायचा, म्हणजे एक नवा निरोप आलाय. उघडून बघावं तर नवं काहीच नाही! दुरुस्त करायचे, चार दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. कारण साधं होतं. 'किती निरोप वाचायचे राहिलेत' ही एकच गोष्ट वरच्या पट्टीत, चॅटच्या खिडकीत आणि निरोपांच्या पानावर अशी वेगवेगळी सांभाळली जात होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला कळवत बसायचा. एखादा कळवायला विसरला की आकडा खोटा. उपाय असा, की माहिती एका जागी ठेवा आणि बदल एकाच दिशेने वाहू द्या.

२०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स आणलं, एल्म नावाच्या भाषेतून बरंच काही उचलून. स्टोअर एकच. वाचायचं सगळ्यांनी, पण थेट लिहायचं कुणीच नाही. ज्याला बदल हवा त्याने 'असं असं घडलं' अशी एक ॲक्शन पाठवायची. रिड्यूसर नावाचं एक साधं फंक्शन जुनी स्थिती आणि ती ॲक्शन घेतं आणि नवी स्थिती देतं. स्क्रीनवरचे कंपोनंट ह्या स्टोअरला जोडायला सुरुवातीला 'कनेक्ट' होतं, २०१९ पासून 'यूज-सिलेक्टर' नावाचं हुक आलं. संपलं. एवढंच रिडक्स.

आता खरं सांगू का? आपल्याकडच्या माणसाला ह्यात नवं काही वाटू नये. सातबारा माहीत असलेल्या माणसाला रिडक्स शिकवायला दहा मिनिटं पुरतात.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एका कागदावर. जमीन कुणाची, किती, तिच्यावर बोजा काय, पीक कोणतं. तो बँकेला लागतो, सोसायटीला लागतो, पीकविम्याला लागतो, धान खरेदी केंद्राला लागतो. वाचतात सगळे. पण लिहितं कोण? वडील गेले म्हणून तुम्ही पेन घेऊन सातबाऱ्यावरचं नाव खोडू शकत नाही. अर्ज द्यावा लागतो. तलाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग कुठे सातबारा बदलतो. फेरफार म्हणजे ॲक्शन. नियम लावून नोंद प्रमाणित करणं म्हणजे रिड्यूसर. सातबारा म्हणजे स्टेट. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जात जमीन कुणाकडून कुणाकडे आली हे काढता येतं, तसंच रिडक्सच्या डेव्हटूल्समध्ये एकेक ॲक्शन मागे जाता येतं. आणि आठ-अ? सातबारा गट नंबराप्रमाणे असतो, आठ-अ खातेदाराप्रमाणे. माहिती तीच, मांडणी वेगळी. आमच्या भाषेत सिलेक्टर. फरक इतकाच की रिड्यूसर पंधरा दिवस घेत नाही.

पण ह्या तुलनेतली खरी शिकवण पुढे आहे. सातबाऱ्यावर काय नसतं ते बघा. घरात आज किती पोती पडून आहेत, यंदा रोवणीला किती बाया लावायच्या, बैल विकायचा की ठेवायचा, ह्यातलं काही त्यावर नसतं. त्या गोष्टी महत्त्वाच्या नाहीत म्हणून नव्हे, तर त्या बँकेच्या किंवा तहसीलदाराच्या कामाच्या नाहीत म्हणून. घरातल्या गोष्टी घरात. सामायिक नोंदीत फक्त तेच, ज्यावर दुसऱ्या कुणाचा तरी निर्णय अवलंबून आहे.

ह्यासाठी आमच्या भागात सातबाऱ्यापेक्षाही चांगलं उदाहरण आहे, ते म्हणजे तलाव आणि बोडी.

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि थोडा नागपूर ह्या पट्ट्यात साडेसहा हजारांवर जुने तलाव आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लाडाने मामा तलाव. कोहळी समाज हा तलाव बांधण्यात वाकबगार. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरेने सांगितलं जातं. उताराला मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं, तुडूम उघडून पाटाने खालच्या बांध्यांना द्यायचं. (तुडूम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं तोंड. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं खाचर.)

आणि बोडी म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात, वरच्या अंगाला बांधलेलं छोटं तळं. तिचं पाणी त्याचं. धान निसवायला आलं आणि पावसाने दडी मारली, तर तो कुणाला न विचारता बोडी फोडून आपल्या बांध्या भिजवतो. दोन पाण्यांवर पीक हाती येतं.

तलावाचं तसं नाही. तलावाचं पाणी सोडायचं तर गावाने बसून ठरवावं लागतं. कुणाला आधी, कुणाला नंतर. पाटाच्या तोंडाशी ज्याची बांधी त्याला भरपूर, शेपटाकडच्याला उरलंसुरलं. शिवाय ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्थेला मासोळीसाठी तलावात पाणी राहायला हवं असतं आणि शेतकऱ्याला ते शेतात हवं असतं. पाणी एकच, हक्क दोघांचा. म्हणून नियम लागतात, पाळ्या लागतात, भांडणं मिटवणारं कुणी तरी लागतं. हा सगळा खर्च आहे. तलाव हवाच, कारण चारशे एकर बोडीवर भिजत नाही. पण म्हणून कुणी आपली बोडी बुजवून 'आता मी प्रत्येक तांब्यासाठी तलावावर जाईन' असं म्हणत नाही.

आमच्या धंद्यात मात्र नेमकं हेच चालतं. ड्रॉपडाऊन उघडा आहे की मिटलेला, हेसुद्धा स्टोअरमध्ये!

आता खऱ्या स्क्रीनवर येऊ. समजा, धान खरेदी केंद्राच्या कारकुनासाठी एक वेब ॲप लिहायचं आहे. (उदाहरण मनातलं आहे, कुठल्या खऱ्या केंद्राचं नाही.) आपल्या जिल्ह्यात मार्केटिंग फेडरेशन संस्थांमार्फत धान घेतं, आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. शेतकऱ्याची आधी ऑनलाइन नोंदणी होते, सातबाऱ्यावर धानाची नोंद लागते. २०२१ च्या १५ ऑगस्टला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून ती पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. मग ट्रॅक्टर येतो, ४० किलोचे कट्टे मोजले जातात, नोंद होते, आणि हमीभावाने पैसे खात्यात. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाला क्विंटलला २,३६९ रुपये आणि 'अ' प्रतीला २,३८९ रुपये भाव होता. हेक्टरी किती धान घ्यायचं याची मर्यादा ठरलेली असते.

स्क्रीनवर काय काय दिसेल? वर पट्टीत शेतकऱ्याचं नाव आणि 'उरलेली मर्यादा'. डावीकडे शोधायची चौकट. मध्ये कट्टे भरायचा फॉर्म. खाली आजच्या मोजण्यांचा तक्ता, दोनशे ओळींचा. उजवीकडे आजची एकूण खरेदी आणि गोदामात उरलेली जागा. आता एकेक घेऊ.

फॉर्ममध्ये कारकून '६२' टाइप करतोय. आधी ६ उमटला, मग २. हा अर्धवट आकडा कुणाला हवा आहे? कुणालाच नाही. अजून तो 'घडलेला' नाही, अजून तो त्या फॉर्मच्या बोडीतलं पाणी आहे. तो स्टोअरमध्ये टाकला तर प्रत्येक कळ दाबली की एक ॲक्शन, आणि प्रत्येक ॲक्शनला जोडलेल्या सगळ्यांची चौकशी: 'तुझ्यासाठी काही बदललं का रे?' दोनशे ओळींना दोन कळांसाठी दोनदा विचारायचं. कशासाठी?

'नोंदवा' बटण दाबलं की मात्र गोष्ट बदलली. आता ६२ कट्टे ही घडलेली घटना आहे. तक्त्याला हवी, उरलेल्या मर्यादेला हवी, आजच्या एकुणाला हवी, गोदामाला हवी. चार वाचणारे, स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत. हे तलावाचं पाणी. हे स्टोअरमध्येच पाहिजे. इथे जर आळस करून फॉर्मने तक्त्याला कळवलं, तक्त्याने पट्टीला कळवलं, तर फेसबुकचा तो लाल आकडा आपल्याही घरी आलाच म्हणून समजा.

आणि ॲक्शनला नाव देताना 'कट्टे सेट करा' असं देऊ नका, 'मोजणी नोंदवली' असं द्या. फेरफारात 'नाव बदला' एवढंच लिहून चालत नाही. वारसाने की खरेदीखताने, हे लिहावं लागतं. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हा आकडा कसा आला, तर उत्तर त्या नावात असतं.

आता पैसे. ६२ कट्टे म्हणजे २,४८० किलो, म्हणजे २४.८० क्विंटल, २,३६९ ने गुणले की ५८,७५१ रुपये २० पैसे. ह्यातलं स्टोअरमध्ये काय ठेवायचं? फक्त कट्टे, प्रत आणि भाव. क्विंटल आणि रुपये हे काढायचे, साठवायचे नाहीत. साठवले की एका गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या, आणि दोन नोंदी म्हणजे कधीतरी भांडण. कारकुनाने मागाहून ६२ चे ६० केले आणि रक्कम बदलायची राहिली, तर कोणता आकडा खरा? तेच उरलेल्या मर्यादेचं. समजा हेक्टरी ३० क्विंटल घ्यायचं ठरलंय आणि शेतकऱ्याची जमीन १.२० हेक्टर. एकूण ३६ क्विंटल, २४.८० झाले, उरले ११.२०. म्हणजे आणखी २८ कट्टे. हा २८ चा आकडा कुठेही लिहून ठेवायचा नाही, दर वेळी सिलेक्टरने काढायचा. गणित स्वस्त आहे, गैरसमज महाग.

राहिला तो १.२० हेक्टरचा आकडा. तो आपला नाहीच! तो महसूल खात्याचा आहे. आपल्या ॲपमध्ये आली ती सातबाऱ्याची झेरॉक्स. झेरॉक्सवर तारीख बघायची असते, कारण मूळ कागद तिकडे बदललेला असू शकतो. सर्व्हरवरून आणलेल्या माहितीचं हेच आहे. ती स्टोअरमध्ये कोंबून आपलीच असल्यासारखी वागवली की शिळी कधी झाली ते कळत नाही. म्हणून अलीकडे रिॲक्ट क्वेरी किंवा रिडक्सवाल्यांचंच आरटीके क्वेरी वापरतात, जे झेरॉक्सला झेरॉक्स मानतं. कधी आणली, पुन्हा कधी आणायची, सगळं त्याच्याकडे. बहुतेक प्रोजेक्टांत स्टोअरमधला सर्वात मोठा ढिगारा ह्या झेरॉक्सांचाच असतो. तो उचलला की उरतो तो खरा सामायिक भाग, आणि तो आश्चर्य वाटावं इतका लहान निघतो.

आता जोडणीकडे वळू. इथे माझं मत काही मित्रांना उलटं वाटेल.

'कमी कंपोनंट जोडा' असं मी म्हणत नाही. अब्रामोव्ह यांनी २०१५ मध्ये एक लेख लिहिला होता. त्यात दिसणारे कंपोनंट वेगळे आणि माहिती आणणारे 'कंटेनर' वेगळे, अशी विभागणी होती. तो इतका गाजला की लोकांनी त्याचा शास्त्रार्थ केला: वरच्या एकाच कंटेनरने सगळं आणायचं आणि खाली प्रॉप्समधून वाटायचं. पुढे २०१९ मध्ये त्यांनी स्वतःच त्या लेखावर टीप टाकली, की आता मी अशी विभागणी करायला सांगत नाही. पण सवयी राहतात.

आपला दोनशे ओळींचा तक्ता घ्या. वरच्या तक्त्यानेच अख्खी यादी मागितली. एका ओळीत ६२ चे ६० झाले. यादी नवी झाली, तक्ता पुन्हा रंगला, आणि काही बंदोबस्त केला नसेल तर त्याच्यासोबत दोनशेच्या दोनशे ओळी रंगल्या. उलट तक्त्याने फक्त मोजण्यांचे क्रमांक मागितले आणि प्रत्येक ओळीने स्वतःच्या क्रमांकाची मोजणी मागितली, तर? जोडण्या दोनशे झाल्या, पण रंगली एकच ओळ. रिडक्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही हेच सुचवलंय, जास्त कंपोनंट जोडा पण प्रत्येकाने बारीक मागा.

म्हणजे मोजायची ती जोडण्यांची संख्या नव्हे. मोजायची जोडणीची रुंदी. तलावाला पाट किती आहेत ह्यापेक्षा एकेक पाट केवढा उघडा आहे हे बघायचं.

रुंद पाट कसा ओळखायचा? सोपी खूण सांगतो. सिलेक्टर अख्खं स्टेट परत देत असेल तर तो पाट नाही, पाळच फोडली आहे. दुसरी खूण जरा लपलेली असते. यूज-सिलेक्टर प्रत्येक ॲक्शननंतर सिलेक्टर चालवतं आणि मागचं उत्तर व आताचं उत्तर हे तेच आहे का एवढंच बघतं. आत काय आहे ते उघडून बघत नाही. तुम्ही सिलेक्टरमध्ये यादी गाळून दिलीत, तर गाळलेली यादी दर वेळी नवी कोरी असते, आतले दाणे तेच असले तरी. मग गोदामाचा आकडा बदलला तरी तुमचा कंपोनंट उगाच रंगतो. जुनं 'कनेक्ट' ह्या बाबतीत थोडं समंजस होतं, ते उत्तराचा एक थर उघडून आतलं एकेक तपासायचं. म्हणून कनेक्टवरून हुकवर येताना 'कालपर्यंत ठीक होतं, आज काय झालं' असे प्रकार होतात. गाळायचंच असेल तर उत्तर लक्षात ठेवणारे सिलेक्टर वापरा, रिसिलेक्ट त्यासाठीच आहे.

आणि काही कंपोनंट जोडूच नका. रक्कम नीट स्वल्पविराम घालून दाखवणारा कंपोनंट, तारीख दाखवणारा, बटण. त्यांना धान काय, केंद्र काय, काही माहीत असायचं कारण नाही. हातात आकडा द्या, ते दाखवतील. उद्या तुरीच्या खरेदीचा स्क्रीन करायचा झाला तर ते जसेच्या तसे उचलता येतील. स्टोअरला बांधलेला कंपोनंट उचलायला गेलात तर मागून अख्खा तलाव येतो.

आता नेहमीची हरकत. 'अरे, आज नसेल लागत, पण उद्या दुसऱ्या स्क्रीनला लागलं तर? आत्ताच स्टोअरमध्ये टाकून ठेवलेलं बरं.' दिसायला शहाणपणाचं आहे, पण हिशेब चुकतो. बोडीतलं पाणी पाटात सोडणं सोपं असतं. फॉर्ममधली स्थिती उद्या खरंच दुसऱ्याला लागली तर ती उचलून वर न्यायला तास-दोन तास लागतात, कारण ती वापरणारा एकच आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. उलट दिशेने जाऊन बघा. स्टोअरमधून एखादी गोष्ट काढायची तर आधी शोधावं लागतं की ती वाचतं कोण. वीस फाइली निघतात, त्यातल्या सहा कुणाच्या ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि ज्याने लिहिलं तो केव्हाच दुसऱ्या कंपनीत. शेवटी कुणी हात लावत नाही. ती गोष्ट तिथेच गाळासारखी साचून राहते.

गाळावरून आठवलं. मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा. १९५१ पासून हे तलाव सरकारकडे आले. पुढे १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालगुजारी जायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. पण तलावाची पाळ दुरुस्त करणारा, पाट साफ करून घेणारा, 'हे माझं काम' म्हणणारा जो कुणी होता, त्याची जागा बऱ्याच गावांत रिकामीच राहिली. गाळ साचला, पोटात अतिक्रमणं झाली, तुडुमं मोडली. पाणी वापरणारे तेच होते, सांभाळणारा गेला. जिथे गावकऱ्यांनी आणि मच्छीमार संस्थांनी मिळून पुन्हा मनावर घेतलं, तिथे तलाव सुधारलेही.

सामायिक स्टोअरचं दुखणं नेमकं हेच. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. म्हणून माझा आग्रह असतो की स्टोअरच्या प्रत्येक कप्प्याला एक मालक असावा. मालक म्हणजे वापरणारा एकटा नव्हे, तर बदलायच्या आधी ज्याला विचारायचं तो. मोजणीचा कप्पा अमक्याचा, गोदामाचा तमकीचा, असं लिहून ठेवा. ज्या कप्प्याला मालक सापडत नाही, तो बहुधा तिथे असायलाच नको.

एक हरकत मात्र मी मान्य करतो. देवरी-सालेकसाकडे नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही. नोंदवलेल्या पण सर्व्हरला न पोचलेल्या मोजण्या कुठे तरी नीट जपाव्या लागतात, आणि नेटवर्क आलं की क्रमाने पाठवाव्या लागतात. हे काम स्टोअरचंच, आणि रिडक्ससारखी शिस्त इथे सोन्याच्या मोलाची. तसंच कारकून अर्धा फॉर्म भरून दुसऱ्या स्क्रीनवर गेला आणि परत आल्यावर फॉर्म रिकामा दिसू नये, अशी गरज असेल तर तो अर्धा फॉर्मही वर न्या. गरज दिसली की न्या. माझं भांडण 'गरज दिसण्याआधी'शी आहे.

स्वतः अब्रामोव्ह यांनी २०१६ मध्येच लिहिलं होतं की तुम्हाला कदाचित रिडक्सची गरज नाही. दहा वर्षं होत आली, अजून नव्या प्रोजेक्टचा पहिला दिवस स्टोअर मांडण्यातच जातो. आता रिडक्सच्या जागी कुणी झुस्टांड म्हणतं, कुणी सिग्नल्स. नाव बदललं तरी प्रश्न तोच राहतो: ही गोष्ट कुणाची, आणखी कुणाला लागते, आणि लागते ती किती?

आणि हा नुसता कोडच्या सुबकपणाचा प्रश्न नाही हो. काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला स्टोअर माहीत नाही, सिलेक्टर माहीत नाही. त्याने भाड्याचा ट्रॅक्टर आणलाय, मागे रांग आहे, आणि कारकुनाच्या स्क्रीनवर वर २८ कट्टे उरले म्हणतंय, खाली १८. कारकून काय करेल? तो सुरक्षित बाजूने जाईल, १८ घेईल. दहा कट्टे परत. चार क्विंटल धान, नऊ हजारांवर रुपये. तो माणूस ते धान घरी परत नेणार नाही, भाडं पुन्हा कोण देणार? वाटेत व्यापाऱ्याला देईल, मिळेल त्या भावाने. आपल्या कुठल्याही लॉगमध्ये ह्याची नोंद होणार नाही. ॲप बंद पडलं नाही, एरर आली नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या.

म्हणून सोमवारी ऑफिसात नवा कंपोनंट लिहायला घ्याल तेव्हा जोडणी करण्याआधी अर्धा मिनिट थांबा. पाणी बोडीचं आहे की तलावाचं, तेवढं बघा. तलावाचं असेल तर खुशाल जोडा, पण पाट अरुंद ठेवा.

असो. लांबलं जरा. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं.